दीड इंच माया

खणभागात, हळद-चटणीच्या कांडपावर,
पहिल्या मजल्याला माझं दुकान.
दुकान म्हणजे दोन मशिनी, एक आरसा,
शिंकत जिना चढणाऱ्या बायका
आणि वहीत त्यांची तीनशे मापं.
कुंथाबाई आवटी: छाती चाळीस, बाही दहा.
मुजावरांची थोरली: गळा मागं खोल, पुढं नको.
कुणाचं कधी वाढलं, कुणाचं ऑपरेशननंतर उतरलं,
सगळं पेन्सिलीनं.
अंग काही दगडावर कोरलेलं नसतं.
पुराच्या साली शेजारीण दागिने घेऊन बोटीत बसली,
मी ही वही.

शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते,
कापताना शिवणीत माया सोडायची.
दीड इंच. कापड कमी असेल तर एक.
पण सोडायचीच.
बाई उद्या जाड होईल, बाळंत होईल,
एखाद्या दिवशी नुसताच मोठा श्वास घ्यायचा असेल तिला.
माया नसेल तर उसवून तरी काय करणार?

आरशापुढं कुणी खांदे पाडून उभी राहिली
की मी म्हणते, अहो, कापड आटलंय,
तुम्ही आहात तशाच आहात.
खोटं बोलते.
पण टाचण्या ओठांत धरून बोललेलं
कुणी खोटं मानत नाही.

माझं माप त्या वहीत नाही.
माझा ब्लाउज मी बेतते
लग्नातल्या एका ब्लाउजवरून.
उलटा करून कापडावर ठेवते, खडूनं रेघ ओढते,
आणि काटकसर म्हणून माया सोडत नाही.
मग हुक लावताना पोट आत, श्वास वर,
आणि तोंडातून जे निघतं
ते गिऱ्हाइकाला बोलले असते
तर दुकानाला कधीच कुलूप लागलं असतं.
कशी झालीस बघ. किती खातेस. कुणाला दाखवायचंय.
तेव्हा ओठांत टाचण्या नसतात.

परवा दुपारी लाईट गेली.
खालचं कांडप थांबलं,
जिन्यात हळदीचा वास तसाच उभा.
आफरीन, सतरा वर्षांची, गळ्यात टेप,
म्हणाली, मावशी, हात लांब करा, सराव करते.
नको म्हणेपर्यंत तिनं टेप फिरवली होती.
बेचाळीस, ती म्हणाली.
कंडक्टर 'मिरज, मिरज' म्हणतो तसं.
कंबर अडतीस. दंड चौदा.
एकाही आकड्यापाशी ती थांबली नाही.

मी थांबले. दंडापाशी.
ह्याच दंडानं सासऱ्यांना वर्षभर कुशीवर वळवलं.
पुरानंतर घरचा चिखल
ह्याच दंडानं पाट्या पाट्या बाहेर टाकला.
चौदा ऐकल्यावर हे आठवलं.
एरवी मला त्याचं लोंबणं तेवढं दिसतं.

नाव काय लिहू? तिनं विचारलं. मावशीच लिहू?
मी म्हणाले, पद्मावती मगदूम. पूर्ण लिही.
पेन्सिलीनं.

रात्री बेतायला घेतला.
मोरपंखी खण, तीन वर्षं ट्रंकेत,
बारीक झाल्यावर शिवू म्हणून ठेवलेला.
दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच सोडले.
कात्री जरा अडखळली, तिला सवय नाही.
आणि डावी बाही उलटी लागली.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाह्या लावल्या,
आपल्याच दंडावर उलटी!

सगळं तोंडाशी आलं. येतंच ते.
मी दोन टाचण्या उचलून ओठांत धरल्या
आणि त्यांच्यामधून,
कुंथाबाईंना म्हणते त्या आवाजात म्हणाले,
असू दे. कापड घसरलं. उद्या उसवू.

कापड काही घसरलं नव्हतं.
तरी मी ऐकून घेतलं
आणि दिवा घालवला.